रुमालावर आलं ते सुटलं

जानेवारीत सायनहून ठाण्याला दुचाकीवरून आलो. घरी येऊन नाक शिंकरलं तर रुमाल काळाकुट्ट. बायको म्हणाली, "बघ, हे सगळं छातीत जातंय."

खरं तर रुमालावर जे आलं ते छातीत गेलंच नाही. काळजी करायची ती न दिसणाऱ्या कणांची.

नाक ही चाळणी आहे, अशी आपली समजूत. पण श्वासमार्ग चाळत नाही, वळणं घेतो. हवा वळते, जड कणाला वळता येत नाही, तो ओल्या भिंतीवर आदळून चिकटतो. घाटात भरधाव ट्रक कठड्याला धडकावा तसा. १० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासची बहुतेक धूळ नाका-घशातच अडकते. खाली नळ्यांत चिकटलेले कण सूक्ष्म रोम कफासकट वर ढकलत राहतात.

पीएम २.५, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या भागाएवढे किंवा त्याहून बारीक कण. त्यांना वळणं जमतात. श्वासनलिकेला सुमारे २३ वेळा फाटे फुटतात. प्रत्येक फाटा अरुंद, पण सगळ्यांची मिळून रुंदी प्रचंड वाढते आणि हवा मंदावते. खाडीपाशी नदी पसरते, संथ होते आणि गाळ टाकते ना, तेच इथे घडतं. २ मायक्रॉनचा कण संथ हवेत सेकंदाला ०.१ मिलिमीटरच्या आसपास खाली येतो. नळ्यांच्या टोकाशी असलेल्या हवेच्या इवल्या पिशवीची, म्हणजे वायुकोशाची, रुंदीच जेमतेम ०.२ मिलिमीटर. दोन सेकंदांत कण तळाला! आपला एक श्वास चार-पाच सेकंदांचा.

दम्याचा पंप ओढल्यावर डॉक्टर दहा सेकंद श्वास रोखायला सांगतात, ते याचसाठी. पंपातल्या औषधाचे कण मुद्दाम १ ते ५ मायक्रॉनचे केलेले असतात. औषध कंपनी जो पत्ता शोधते, तो डिझेलच्या धुराला आयताच सापडलेला आहे.

त्याहून बारीक कणांची गंमत वेगळीच. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे ना पटकन खाली बसतात, ना फारसे थरथरतात. बरेचसे उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतात. ०.१ मायक्रॉनच्या खालचे मात्र हवेच्या रेणूंचे धक्के खात भिंतीवर जाऊन पडतात. ही ब्राउनीय गती. एन-९५ मुखपट्टीची परीक्षा ०.३ मायक्रॉनच्या आसपास घेतात, कारण तिथलेच कण पकडायला सर्वांत अवघड.

वायुकोशात रोम नाहीत. तिथे भक्षक पेशी कण गिळतात, पण काजळी त्यांना पचत नाही. त्या दाह पेटवणारी रसायनं सोडतात. वर्षानुवर्षं हे चाललं की बारीक नळ्या अरुंद होतात: जुनाट खोकला, जिना चढताना धाप, बळावणारा दमा, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार). सीओपीडी हा फक्त बिडी-सिगारेटवाल्यांचा आजार नव्हे. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बायकांनाही तो होतो.

पीएम २.५ ची भारतातली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून ५ सुचवली आहे. गूळ खाल्ल्याने फुफ्फुसं धुतली जातात म्हणे! गूळ जातो अन्ननलिकेतून पोटात. फुफ्फुसात गेला तर ठसका लागेल.

आमच्या शेजारचे काका हायवेकडच्या गॅलरीत पहाटे कुंभक करतात. थंडीत त्या वेळी गार हवा जमिनीलगत कोंडलेली असते, आणि श्वास रोखला की कणांना बसायला पुरेसा वेळ. "दुपारी करा," मी सुचवलं.

"दुपारी पोट भरलेलं असतं," काका म्हणाले.