बिडाची भांडी

बीड म्हणजे ओतीव लोखंड, आणि त्याचे तवे, कढया, आप्पेपात्रं ही बिडाची भांडी. दुकानात हल्ली कास्ट आयर्न म्हटलं की पटकन कळतं, पण माल तोच. मुंबईत हा शब्द स्वयंपाकघरापेक्षा जुन्या चाळींच्या मागच्या बिडाच्या पायपांमुळे जास्त कानावर पडतो, गटाराची जुनी झाकणं आणि वाण्याकडची जुनी वजनंही बिडाचीच. उच्चारावरून बिदरच्या बिदरी कामाशी नातं जोडायचा मोह होतो, पण बिदरी जस्त-तांब्याची असते, त्यामुळे ते सोडून दिलेलं बरं.

चपातीचा साधा लोखंडी तवा किंवा पावभाजीवाल्याचा मोठा तवा म्हणजे बीड नाही, तो पत्र्याचा. पत्र्याच्या लोखंडात कार्बन जेमतेम पाव टक्का किंवा त्याहून कमी असतो, बिडात साधारण २ ते ४ टक्के, आणि सगळा फरक तिथेच पडतो. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सियस लागतात, बीड मात्र ११५० ते १२०० च्या आसपासच पातळ होतं म्हणून ते वाळूच्या साच्यात ओतता येतं. पण हाच कार्बन आत ग्राफाइटच्या पापुद्र्यांसारखा बसलेला असतो आणि तडा त्याच्याच बाजूने धावतो, म्हणून पत्र्याचा तवा लादीवर पडला तर चेपतो, बिडाचा फुटतो.

उगमाबद्दल बोलायचं तर चीनमध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास ओतीव लोखंड होतं असं बहुतेक अभ्यासक मानतात. युरोपात ते बरंच उशिरा, मध्ययुगाच्या अखेरीस रुळलं, आणि भांडी स्वस्त झाली ती इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने १७०७ साली वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतायचं पेटंट घेतलं त्यानंतर. भारताबाबत मात्र गोंधळ आहे. आपल्याकडे लोखंड तीन हजार वर्षांपासून आहे, तेव्हा बिडाचा तवाही तितकाच प्राचीन असं सर्रास म्हटलं जातं. पण देशी भट्टीत लोखंड सहसा पूर्ण वितळायचंच नाही, स्पंजासारखा गोळा निघायचा आणि तो ठोकून ठोकून भांडं घडायचं, आणि दक्षिणेतलं नावाजलेलं मुशीतलं, म्हणजे मातीच्या बंद भांड्यात वितळवलेलं, पोलाद ही पुन्हा वेगळीच गोष्ट. हे धरून चाललं तर घरोघरी बिडाची भांडी आली ती बहुधा एकोणिसाव्या शतकात किंवा त्यानंतर, आणि हेच जास्त पटण्यासारखं आहे. त्याच काळात मुंबईत बीड इमारतींसाठीही आलं, काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून इथे आणून जोडला, कोणी तो १८६३ पर्यंत उभा राहिला म्हणतं, कोणी १८६९, एवढं नक्की की १८६० च्या दशकातला.

घेताना तवा एका हाताने उचलून चमच्याने हळूच वाजवून बघावा, खणखणीत वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे, घेऊ नये. सपाट लादीवर ठेवून डुगडुगतो का बघा. चुंबक लावून उपयोग नाही, तो पत्र्यालाही चिकटतो.

बीड सगळीकडे सारखं तापतं हा मोठा गैरसमज आहे. उष्णता पसरवण्यात ते ॲल्युमिनियमच्या चौथाईलाही जेमतेम पोचतं, आणि आपल्या गॅसचा बर्नर छोटा असेल तर घावन मधे करपतं नि कडेला पांढरं राहतं. बीड तापायला वेळ घेतं पण जाड आणि जड असल्यामुळे घेतलेली उष्णता सोडत नाही, गार पीठ पडलं तरी तवा थंडावत नाही, म्हणून आधी मंद आचेवर पाच-सात मिनिटं ठेवायचा. नारळाची शेंडी नाहीतर अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायचा, घावनाची कड आपोआप सुटून वर वळली की मगच उलथणं लावायचं, त्याआधी लावलं तर फाटणारच.

नवा तवा तयार करायचा म्हणजे तेलाचा अगदी पातळ हात पुसून धूर येईपर्यंत तापवायचा, असं चार-पाच वेळा. तेल उष्णतेने घट्ट विणलं जाऊन काळा थर होतो, तोच न चिकटणारा थर, आणि तेल जास्त झालं तर तवा चिकचिकीत होतो. हा थर एकदा बसला की थोड्याशा साबणाने जात नाही. तापल्या तव्यावर गार पाणी मात्र कधीच नाही, तडकतो. चिंच-कोकमाची आमटी कढईत शिजवली तर थर जातो आणि आमटी काळपट होते, त्यात लोह उतरतं हे खरं, पण थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारात शरीरात आधीच लोह साठतं, त्या पेशंटने डॉक्टरांना विचारूनच वापरावं.

मुंबईचा पावसाळा हा बिडाचा खरा शत्रू. आमच्या घरचं सात खळग्यांचं आप्पेपात्र एका जुलैत नुसतं पुसून माळ्यावर टाकलं, गणपतीत काढलं तर प्रत्येक खळग्यात नारिंगी गंज. काथ्याने घासून, चिंच चोळून, लगेच गॅसवर कोरडं करून तेल लावलं, असं तीनदा केलं तेव्हा आप्पे सुटायला लागले. आता ते धुतल्या धुतल्या गॅसवर सुकतं, तेलाचा हात लागतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ओट्याखाली राहतं, माळ्यावर नाही.