पिल्लू सापडलं, पण ते हरवलं होतं का?

बेळगावच्या माणसाला 'पुनर्वसन' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हिडकल धरणात गावं गेली तेव्हापासून भरपाई, उतारा आणि कचेरीतले हेलपाटे यांच्यासकट तो ओळखीचा आहे. अलीकडे भीमगडच्या जंगलातल्या तळेवाडीची घरं बाहेर काढायचं ठरलं तेव्हा पुन्हा तोच शब्द आला. माणसाच्या बाबतीत त्याचा अर्थ जुनी जागा कायमची सोडणं असा होतो. जखमी किंवा पोरक्या जनावराच्या बाबतीत नेमका उलट, जिथून आलं तिथं परत जाणं. हा दुसरा अर्थ आपल्या भागात फार जुना नाही. त्याआधी सापडलेल्या पिल्लाच्या नशिबी तीनच गोष्टी असायच्या: बंगल्याचं अंगण, पिंजरा किंवा नाकातली वेसण.

ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यात वाघ, बिबट्या ही 'उपद्रवी' जनावरं. मारून पुरावा दाखवला की सरकारातून बक्षीस. बेळगावच्या कॅम्पातल्या साहेबाला खानापूर, जांबोटी, लोंढ्याचं रान जवळ होतं. मादी पडली की मागे पिल्लं राहायची आणि ती कुणीतरी उचलायचं. अस्वलाच्या बाबतीत तर शोधावंही लागायचं नाही. अस्वलाची पिल्लं आईच्या पाठीवरचे लांब केस धरून बसलेली असतात. आई पडली की पिल्लं तिथंच.

शेजारच्या कोल्हापूर संस्थानात त्याच काळात चित्ते पाळले जात, काळविटाच्या शिकारीसाठी. इथले चित्ते कमी झाले तेव्हा संस्थानाने आफ्रिकेतून आणवले. यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चित्ते धरणारे लोक पिल्लू घ्यायला नाखूश असत, त्यांना पूर्ण वाढलेला, रानात शिकार करून पोट भरणारा चित्ताच हवा असे. घरात वाढवलेल्या चित्त्याला पळता येतं, पण शिकार येत नाही; ती आई शिकवते. पुनर्वसनाची सगळी अडचण या एका व्यवहारी शहाणपणात आहे. फक्त ते शहाणपण जनावर माणसाजवळ ठेवण्यासाठी वापरलं गेलं, परत सोडण्यासाठी नाही.

कायदे होते, पण ते शिकारीचे नियम सांगणारे. १९१२ चा कायदा देशाला, मग मुंबई राज्याचा १९५१ चा. १९५६ मध्ये जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि १९६३ मध्ये म्हैसूरचा स्वतंत्र कायदा आला. परवाना, हंगाम, कोणतं जनावर मारायचं नाही, एवढ्यावर भर. जखमी जनावराचं काय करायचं हा प्रश्नच त्यात नव्हता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि चित्र पालटलं. त्याच्या ३९व्या कलमाने रानातलं जनावर सरकारी मालमत्ता ठरलं. ते कुणाच्या हाती लागलं तर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याला कळवणं बंधनकारक झालं. 'सापडलं म्हणून पाळलं' हे तेव्हापासून गुन्ह्यात मोडतं. गावात हे कळायला मात्र आणखी एक पिढी गेली.

आमच्याच घरचं सांगतो. खानापूर तालुक्यात आमची काजूची बाग. मी चौथीत असताना आजोबांना झुडपाखाली भेकराचं पिल्लू दिसलं, एकटंच, मान जमिनीला टेकवून बसलेलं. त्यांनी ते धोतराच्या सोग्यात गुंडाळून घरी आणलं. आजीने बुट्टीत गवत घालून चुलीपाशी ठेवलं आणि कापसाच्या वातीने गाईचं दूध पाजलं. आम्ही पोरं दिवसभर त्याच्या अंगावरून हात फिरवत होतो. दुसऱ्या दिवशी त्याला जुलाब लागले, चौथ्या दिवशी सकाळी ते बुट्टीतच ताठ झालेलं होतं. 'दूध बाधलं,' आजी म्हणाली, आणि ते खरंच होतं. पण त्याआधीची चूक आमच्या ध्यानात फार उशिरा आली. हरणाच्या जातीतल्या माद्या तान्हं पिल्लू झुडपात लपवून चरायला जातात, पाजायला तेवढ्या परत येतात. पिल्लू एकटं दिसतं कारण तसंच ठेवलेलं असतं. आजोबांनी पोरकं पिल्लू उचललं नव्हतं, उचलून पोरकं केलं होतं.

दुधाबद्दलही आता रीत ठरलेली आहे. आधी ऊब, मग ओआरएससारखं पाणी, आणि अंग तापल्यावर त्या जातीला मानवेल असं दूध. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात काहीच जिरत नाही. शिवाय हरणं-भेकरं माणसाच्या हाताळण्याच्या नुसत्या धसक्याने मरू शकतात. आमचे ते प्रेमाचे हात दुधाइतकेच बाधले असणार.

बंगळूरजवळ बन्नेरघट्टा इथं अस्वलांचं सुटका केंद्र उभं राहिलं ते दरवेशांच्या अस्वलांसाठी. चाळिशी ओलांडलेल्या बेळगावकरांना दरवेशी आठवत असेल: डमरू, नाकातून ओवलेली दोरी, भीती जावी म्हणून अस्वलाच्या पाठीवर बसवलेलं पोर आणि ताईतात घालायला विकत घेतलेले केस. १९९८ मध्ये केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांचे खेळ बंद करणारी अधिसूचना काढली. दरवेशांना दुसरी कामं लावून देत एकेक अस्वल ताब्यात घेण्यात आलं आणि शेवटचं म्हणून नोंदलेलं अस्वल २००९ च्या डिसेंबरात बन्नेरघट्ट्यातच आलं. पण यातलं एकही जंगलात गेलं नाही. सुळे उपटलेले, नाक फाटलेलं, वारूळ कसं उकरायचं हे कधी न पाहिलेलं जनावर सोडायचं कुठं? ही सुटका होती, परतणं नव्हतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठातली महादेवी हत्तीण जुलै २०२५ मध्ये कोर्टाच्या आदेशाने जामनगरच्या 'वनतारा' प्राणी केंद्रात नेली तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंना जो संताप उसळला, त्यातही हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले होते. ती एका घरातून दुसऱ्या घरात गेली. ते घर चांगलं की वाईट हा वाद वेगळा.

परत सोडण्याचं खरं शास्त्र आपल्या भागात आलं ते बिबट्यामुळे, आणि तेही एका फसलेल्या प्रयोगातून. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात २००१ नंतर बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलांत सोडले गेले. हेतू चांगलाच होता. पण वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले होते. अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या घराच्या ओढीने चालायला लागतो, वाटेत गावं लागतात. उचलून लांब सोडणं म्हणजे पुनर्वसन नव्हे, हे तिथं कळलं. कायद्यातही २००३ पासून एक कलम लागू झालं: पकडलेलं जनावर जंगलात परत जाऊच शकत नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री झाल्याशिवाय आणि तसं कारण लेखी नोंदवल्याशिवाय ते कोंडून ठेवता येत नाही.

मग उसाच्या फडातली पद्धत बसली. निपाणी, चिकोडी, अथणीकडे दसरा-दिवाळीनंतर तोड सुरू होते. बिबट्याच्या मादीला ऊस म्हणजे दाट झाडीच. पिल्लं तिथंच होतात. कोयता चालता चालता पाचटाखाली दोन-तीन पिल्लं दिसतात आणि टोळी बांधावर पळते. (बऱ्याचदा ती रानमांजराची असतात. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगावर लहानपणापासून दाट ठिपके असतात, हे एवढं कळलं तरी पुष्कळ पिल्लं जागची हलणार नाहीत.) फॉरेस्टवाले येतात, डॉक्टर हातमोजे घालून पिल्लं तपासतात. संध्याकाळी टोमॅटोचा क्रेट घेऊन तळाला त्याच फडातलं पाचट पसरतात, पिल्लं आत ठेवतात आणि ज्या सरीत सापडली त्याच सरीत क्रेट मांडतात. शेजारी उसाला किंवा खुंटीला कॅमेरा बांधतात. मग सगळ्यांनी निघून जायचं, आणि हेच सगळ्यात अवघड. मोबाईल घेऊन बांधावर थांबलेली पोरं हटत नाहीत, मुकादमाला खोळंबलेल्या ट्रॉलीची चिंता, शेतकऱ्याला तोड पुढं गेली तर वजन घटायची. मादी अंधार पडल्यावर येते, क्रेटभोवती फिरते, मानेला धरून एक पिल्लू नेते, थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी परत येते. पहिल्या रात्री नाहीच आली तर दुसऱ्या रात्री पुन्हा मांडायचं. यात माणसाचं काम म्हणजे बहुतेक लांब राहणं.

याच्या अगदी उलट तमाशा आपण ऑगस्ट २०२२ मध्ये शहरातच पाहिला. जाधवनगरात बिबट्या दिसला, एक बांधकाम मजूर जखमी झाला, मग तो गोल्फ कोर्सच्या झाडीत गेल्याचं कळलं. आसपासच्या शाळा बंद, सापळे, ड्रोन, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलहून आणलेले हत्ती. बिबट्या काही सापडला नाही, बहुधा आला तसा निघून गेला. अख्खं शहर ज्याची सोय लावायला निघालं होतं त्याने आपली सोय आपणच लावली. हत्ती मात्र बघायला गर्दी झाली.

पश्चिमेला भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. त्याच्या एका अंगाला गोवा, दुसऱ्या अंगाला काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, वर चंदगड-तिलारी. गवे, अस्वलं आणि २००२ पासून महाराष्ट्रात उतरलेले हत्ती यांना सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल कुणी वाचून दाखवलेला नाही. पण डुकरासाठी लावलेल्या फासकीत अस्वलाचा पंजा अडकला की पहिला प्रश्न हद्दीचा येतो. कोणती रेंज, कोणतं राज्य, पंचनामा कन्नडमध्ये की मराठीत. फोन लावणारा मराठी, पलीकडचा गार्ड नवीन बदलून आलेला मंड्याचा. दोघं मोडक्यातोडक्या हिंदीत जखम समजावून घेतात.

जिल्ह्यात भूतरामनहट्टीला प्राणीसंग्रहालय आहे, २०२१ पासून तिथं सिंहही आहेत. पण प्राणीसंग्रहालय आणि उपचार करून परत सोडायची जागा यांचा स्वभावच निराळा. एकाला जनावर लोकांना दिसायला हवं असतं, दुसऱ्याला ते माणसापासून जितकं लपेल तितकं बरं. बरं होत असलेल्या बिबट्याच्या पिंजऱ्याला चहूबाजूंनी ताडपत्री लावतात, खाणं घालणारा माणूस एकच ठेवतात आणि तोही बोलत नाही.

मोठी शस्त्रक्रिया लागली तर जनावर जिल्ह्याबाहेर न्यावं लागतं. बेळगावाहून पुणं साडेतीनशे किलोमीटर, बंगळूर पाचशे. राज्याची हद्द ओलांडायची तर दोन्हीकडच्या परवानग्या हव्यात. म्हणून फासकीतून सोडवलेलं अस्वल पिंजऱ्यासकट गाडीत चढवतात, वर ओली गोणपाटं टाकतात आणि रात्रीच्या गारव्यात गाडी धारवाडच्या दिशेने निघते.