गोल्डन स्ट्राँग एल आणि ट्रिपल: सोनेरी रंगाच्या दोन बेल्जियन बिअर कशा ओळखायच्या, गुण कसे द्यायचे

डुव्हेल आणि वेस्टमाले ट्रिपल शेजारी शेजारी ओतल्या, तर नुसत्या डोळ्यांनी कोणती कुठली हे सांगणं अवघड जातं. दोन्ही सोनेरी. दोन्हींवर पांढराशुभ्र, दाट, लवकर न बसणारा फेस. दोन्ही बाटलीतच दुसऱ्यांदा आंबलेल्या, त्यामुळे तळाशी यीस्टचा गाळ. एकीत अल्कोहोल ८.५ टक्के, दुसरीत ९.५. तरी पहिली 'बेल्जियन गोल्डन स्ट्राँग एल' (एल म्हणजे उबदार तापमानाला आंबवलेली बिअर) या प्रकाराचा आदर्श मानली जाते आणि दुसरी 'ट्रिपल'चा.

बिअर परीक्षकांसाठी नियम करणाऱ्या बीजेसीपी या संस्थेचे आकडे काढून पाहिले तरी गोंधळ मिटत नाही. गोल्डन स्ट्राँगसाठी अल्कोहोल ७.५ ते १०.५ टक्के, ट्रिपलसाठी ७.५ ते ९.५. कडूपणा पहिल्या प्रकारात २२ ते ३५ आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक), दुसऱ्यात २० ते ४०. रंगाच्या मोजपट्टीवर (आकडा मोठा तितका रंग गडद) एक ३ ते ६, दुसरी ४.५ ते ७. म्हणजे दोन्ही वर्तुळं जवळजवळ एकमेकांवरच पडलेली. बाजारातली एखादी बिअर आकड्यांनुसार दोन्हीकडे बसते आणि बऱ्याचदा बसतेच. फरक आहे तो चवीचा तोल कुठे झुकतो यात, आणि तो जिभेनेच शोधावा लागतो. माझ्या मते या दोन बिअरना गुण देताना सर्वांत जास्त अन्याय होतो तो इथेच: एकीला दुसरीच्या मापाने मोजलं जातं. ट्रिपलची सवय असलेला माणूस गोल्डन एलला 'पातळ, मसाला कमी' म्हणतो, आणि गोल्डन एलवर प्रेम करणाऱ्याला ट्रिपल 'जड आणि कडवट' वाटते. दोघांनाही जाणवलं ते खरं असतं, पण गुण चुकीचे पडतात.

झुकाव वेगळा का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. डुव्हेल करणारी मोर्टगाट ब्रूअरी १८७१ पासूनची, बेल्जियमच्या अँटवर्प प्रांतातल्या ब्रेनडोंकची. पहिल्या महायुद्धानंतर अल्बेर मोर्टगाट यांना ब्रिटिश धाटणीची एल करायची होती, म्हणून ते स्कॉटलंडला गेले आणि तिथलं यीस्ट घेऊन आले. युद्ध संपल्याच्या आनंदात बिअरचं नाव ठेवलं 'व्हिक्टरी एल'. १९२३ मध्ये जोडे शिवणाऱ्या एका स्थानिक कारागिराने घोट घेऊन 'हा तर खरा सैतान' असे उद्गार काढले आणि तेच नाव बिअरला चिकटलं (तिथल्या बोलीत सैतान म्हणजे 'डुव्हेल'), असं ब्रूअरी सांगते. मात्र ती बिअर गडद रंगाची होती. आज आपण ओळखतो ती फिकट सोनेरी डुव्हेल १९७० च्या सुमाराची. तोवर सगळीकडे पिल्सनरची, म्हणजे थंडाव्यात आंबवलेल्या फिकट लागर बिअरची, चलती झाली होती आणि गिऱ्हाइकाला स्वच्छ, फिकट, झणझणीत बुडबुड्यांची बिअर हवी होती. गोल्डन स्ट्राँग एल हे बेल्जियन एल करणाऱ्यांनी पिल्सनरला दिलेलं उत्तर आहे, आणि त्या स्पर्धेच्या खुणा चवीत आजही सापडतात.

वेस्टमाले त्याच प्रांतात, पण तिथली गोष्ट मठातली. ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाचे साधू १८३६ पासून तिथे बिअर करतात. ट्रिपल आली १९३४ मध्ये. १९५६ मध्ये ब्रदर टोमास यांनी हॉप्स (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं) वाढवून कृती पक्की केली आणि त्यानंतर तिच्यात फारसा बदल झालेला नाही. इथे पिल्सनरशी बरोबरी करण्याचा प्रश्न नव्हता. मठाच्या बिअरमधली सर्वांत ताकदीची बिअर फिकट रंगात करायची होती. म्हणून तिच्यात माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, भरीवपणा राहिला, कडूपणा ठाम राहिला, आणि यीस्टचा मसालेदार स्वभाव दाबला गेला नाही.

साखरेबद्दल इथेच बोलायला हवं, कारण त्यावर गैरसमज फार. दोन्ही बिअरमध्ये पिल्सनर माल्टबरोबर साखर घालतात: डुव्हेलमध्ये डेक्स्ट्रोज, वेस्टमालेत कँडी शुगर. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे गोड बिअर. होतं नेमकं उलटं. माल्टमधली काही साखर यीस्टला पचत नाही, ती बिअरमध्ये उरते आणि तोंडात जडपणा आणते. घातलेली साधी साखर मात्र पूर्ण आंबते. अल्कोहोल देते आणि मागे काही ठेवत नाही. नुसत्या माल्टवर ९ टक्क्यांची बिअर केली तर दोन घोटांत तोंड भरून येईल. साखरेमुळेच या बिअर कोरड्या राहतात. आपल्याकडे 'स्ट्राँग' म्हटलं की गोडसर, घशाला चटका देणारी लागर डोळ्यांसमोर येते. ती अपेक्षा घेऊन डुव्हेल प्यायलं तर पहिल्या घोटाला तिची ताकद कळतच नाही. म्हणून हिचे घोट छोटे असावेत.

दुसरा गैरसमज मसाल्यांचा. पुण्या-मुंबईच्या ब्रूपबमध्ये बेल्जियन बिअरची पहिली ओळख बहुतेकांना विटबिअर या गव्हाच्या बिअरमधून होते, आणि विटमध्ये धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. त्यामुळे ट्रिपलमध्ये लवंगेसारखा वास आला की लोक लवंग टाकली असं धरून चालतात. वेस्टमालेत मसाला नाही. तो वास यीस्टचा. माल्टमधल्या फेरुलिक आम्लापासून काही यीस्ट ४-व्हिनाइल ग्वायाकोल नावाचा फिनॉल (मसाल्यासारखा वास देणारं संयुग) तयार करतात आणि नाकाला लवंग, मिरी जाणवते. फळांचे वास एस्टर या यीस्टनेच तयार केलेल्या सुगंधी संयुगांमधून येतात: आयसोअमाइल अॅसिटेटमधून केळं, दुसऱ्या काहींमधून सफरचंद, नाशपाती. दोन्ही बिअरमध्ये फिनॉलही असतात आणि एस्टरही. गोल्डन स्ट्राँगचं यीस्ट फळाकडे झुकतं, विशेषतः नाशपाती आणि सफरचंदाकडे. ट्रिपलचं यीस्ट मसाल्याकडे. सगळ्या फरकांतून एकच लक्षात ठेवायचा असेल तर मी हाच सांगेन.

आता चाखण्याकडे. बाटली आदल्या दिवशी उभी ठेवा, म्हणजे गाळ खाली बसेल. फ्रिजमधून काढल्याबरोबर ओतू नका, थोडा वेळ जाऊ द्या. अति थंड बिअरचा वास नाकापर्यंत पोचत नाही. साबणाचा अंशही नसलेला ट्युलिप आकाराचा ग्लास घ्या, पाण्याने विसळून. तिरपा धरून ओतायला सुरुवात करा, मग हळूहळू सरळ करा आणि तळाचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या. परीक्षणासाठी मी आधी गाळाशिवाय चाखते, मग वाटलं तर गाळ मिसळून.

ओतताना पहिला पुरावा मिळतो. गोल्डन स्ट्राँगचा फेस अक्षरशः उसळतो. साध्या लागरमध्ये कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण अडीच व्हॉल्यूमच्या आसपास असतं (लिटरभर बिअरमध्ये लिटरभर वायू म्हणजे एक व्हॉल्यूम), डुव्हेलमध्ये ते चारच्या घरात जातं. बाटलीत भरताना पुन्हा साखर आणि यीस्ट घालतात, २४ अंशांच्या उबदार खोलीत दोन आठवडे ठेवतात, मग थंड खोलीत सहा आठवडे. पहिल्या दिवसापासून धरलं तर बिअर तयार व्हायला सुमारे ९० दिवस लागतात. हा सगळा खटाटोप त्या बुडबुड्यांसाठी आहे. ते अल्कोहोल उचलून धरतात आणि जीभ पुसून काढतात, म्हणून बिअर आहे त्यापेक्षा हलकी वाटते. ट्रिपलमध्येही बुडबुडे भरपूर असतात, पण तिथे ते मुख्य काम करत नाहीत.

रंगात फारसं अडकू नका. ट्रिपल किंचित गडद, मधाकडे झुकलेली. गोल्डन एल त्याहून फिकट. खोलीतल्या उजेडात एवढ्या फरकावर निकाल देऊ नये.

वास घेताना घाई करू नका. डुव्हेलमध्ये आधी पिकलेली नाशपाती, थोडं लिंबूवर्गीय, आणि साझ व स्टिरियन गोल्डिंग हॉप्सचा फुलासारखा, गवतासारखा ताजा वास. मिरी असते, पण मागे. वेस्टमालेत आधी मसाला, मग पिकलेलं केळं, संत्रं आणि माल्टचा मधासारखा वास. घोट घेतल्यावर गोल्डन एल मधल्या टप्प्यात जवळजवळ अदृश्य होते आणि शेवटी कोरडी, स्वच्छ तुटते. ट्रिपल मधल्या टप्प्यात तोंड भरते, मग कडूपणा येतो आणि बराच वेळ रेंगाळतो. दोन्ही शेवटी कोरड्याच असतात. ट्रिपल गोड वाटते ती माल्टच्या गोलाईमुळे. साखर उरलेली असते म्हणून नव्हे.

हे फरक वाचून पाठ करण्यापेक्षा एक चाचणी करा. तीन सारखे ग्लास घ्या. दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, आणि ओतणारी व्यक्ती वेगळी. वेगळा ग्लास कोणता ते आधी नुसत्या वासावर सांगायचं, मग चवीवर. मधे साधं पाणी आणि बिनलोण्याचा पाव. लेबल दिसत नसलं की माणूस खूप लवकर शिकतो. थोडंच ओता; या ताकदीच्या बिअरचे तीन पूर्ण ग्लास झाल्यावर कोणाचीच जीभ भरवशाची राहत नाही.

बीजेसीपीची गुणपत्रिका ५० गुणांची: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५ आणि एकूण परिणामाला १०. वास आणि चव मिळून ३२ गुण, म्हणजे खरा निवाडा तिथेच होतो. आणि तिथेच या दोन प्रकारांचे सर्वांत नाजूक सापळे आहेत.

गोल्डन स्ट्राँगमधला सापळा सफरचंदाचा. पिकलेल्या सफरचंदाचा, नाशपातीचा वास हा गुण. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा, नुकत्याच कापलेल्या भोपळ्याचा वास हा दोष. पहिला एस्टरचा, दुसरा अॅसिटाल्डिहाइडचा. यीस्टला आपलं काम पुरं करू दिलं नाही की तो मागे राहतो. नवखा परीक्षक 'सफरचंद' एवढंच लिहून मोकळा होतो, आणि मग चांगल्या बिअरचे गुण कापले जातात किंवा कच्च्या बिअरला बक्षीस मिळतं. पिकलेलं की कच्चं, हे लिहायलाच हवं. ट्रिपलमधला सापळा फिनॉलचा. लवंग, मिरी चालते, हवीच असते. दवाखान्यासारखा, प्लॅस्टिकच्या चिकटपट्टीसारखा वास आला तर ती पाण्यातल्या क्लोरीनची किंवा नको त्या यीस्टची खूण असते. त्याला 'मसालेदार' म्हणून सांभाळून घेऊ नये.

दोन्हींना सारखाच लागू पडणारा दोष म्हणजे अल्कोहोलचा चटका. घशाला ऊब जाणवणं ठीक, पण नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास किंवा जळजळ म्हणजे आंबवताना तापमान हाताबाहेर गेलं होतं. ८.५ किंवा ९.५ टक्के लपवता येणं हीच इथली कारागिरी आहे, म्हणून या दोषाचे गुण मी सढळ हाताने कापते. शेवट चिकट, गोड लागला तरीही तसंच. साखर आंबायची राहिली असेल, तर दोन्ही प्रकारांचा पायाच गेला.

लेबलवर विसंबून चालत नाही. 'डुव्हेल ट्रिपल हॉप' ही ट्रिपल नाही. नेहमीच्या दोन हॉप्सना तिसऱ्या जातीची जोड दिलेली ती डुव्हेलच आहे, ९.५ टक्क्यांची. 'ट्रिपल कार्मेलीट'मध्ये बार्ली, गहू आणि ओट अशी तीन धान्यं आहेत. ती ट्रिपल म्हणून विकली जाते, पण फळाळ आणि मऊ, वेस्टमालेपासून बरीच लांब. गुलाबी हत्तीच्या चित्राची 'डेलिरियम ट्रेमेन्स' गोल्डन स्ट्राँगमध्ये गणतात, तरी तिच्यात मसाला डुव्हेलपेक्षा उघड आहे. आणि लेफ ब्लाँड या दोन्हींपैकी नव्हे, ६.६ टक्क्यांची ती ब्लाँड एल, ताकदीने कमी आणि थोडी गोडसर. सीमेवरच्या अशा बिअर समोर आल्या की ज्या प्रकारात नोंदवल्या आहेत त्याच प्रकाराच्या अपेक्षेने गुण द्यावेत आणि शेऱ्यात लिहावं की झुकाव दुसरीकडे आहे. ब्रूअरला ते वाक्य गुणांपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

दोन्ही एकाच बैठकीत चाखायच्या असतील तर गोल्डन एल आधी. वेस्टमालेचा कडूपणा जिभेवर बसला की डुव्हेलची नाशपाती सापडत नाही. बाटलीवरची तारीखही पाहा. गोल्डन एलचा जीव हॉप्सच्या ताजेपणात आहे, आणि उन्हाळ्यात दुकानाच्या उघड्या फळीवर, ट्यूबलाइटखाली महिनोन्महिने उभी राहिलेली बाटली कागदी, शिळी लागते. तिच्यावरून प्रकाराबद्दल मत बनवू नका. ट्रिपल थोडी जास्त टिकते, अंधारात आणि थंडाव्यात ठेवली तर तिचा कडूपणा मवाळ होऊन मधाची छटा वाढते. काहींना ती तशी आवडते. मला ताजी, कडूपणा शाबूत असलेलीच हवी असते.