फ्रेंच कंट्री म्हणजे पांढरं खरवडलेलं फर्निचर? जरा मागे जाऊन बघू

घर सजवायच्या फोटोंत हल्ली एक ठराविक चित्र दिसतं, पांढरा रंग मारून कोपऱ्यांवर मुद्दाम घासलेलं कपाट, लॅव्हेंडरची जुडी, इनॅमलचा जग, फिकट पडदे, आणि खाली लिहिलेलं असतं ‘फ्रेंच कंट्री’. दिसायला छान आहे, वाद नाही. पण फ्रान्सच्या खेड्यातल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्या घराशी याचा संबंध तसा लांबचाच. तिथल्या घरात लाकूड गडद असायचं, मेण लावून चकचकीत केलेलं, आणि रंग यायचा कापडातून. ते कापड मुळात आपल्याकडून गेलेलं, म्हणून आधी त्याचीच गोष्ट.

सतराव्या शतकात दक्षिण फ्रान्सच्या मार्सेय बंदरात भारतीय छापील सुती कापड उतरायला लागलं, बरंचसं तुर्की साम्राज्यातल्या बंदरांमार्गे. पुढे 1664 मध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यानं फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी काढली आणि 1668 मध्ये सुरतेला त्यांची वखार सुरू झाली. (महाराजांची सुरतेची पहिली स्वारी याच 1664 मधली, आणि 1670 च्या दुसऱ्या वेळी फ्रेंचांनी नजराणे देऊन आपली वखार वाचवली, म्हणजे ही मंडळी आपल्या इतिहासात कुठेतरी कडेला उभी आहेतच.) सुरत, मच्छलीपट्टणम, नंतर पाँडिचेरी, असा सगळीकडून माल जायचा. फ्रेंच लोक त्याला ‘अँदियेन’ म्हणायचे. बारीक फुलं, वेली, बुट्टे, कोयऱ्या, आणि मुख्य म्हणजे धुतलं तरी रंग जात नाही. युरोपात तोवर कापडावर छापत नव्हते असं नाही, पण ते पाण्यात घातलं की वाहून जायचं. आपल्या कारागिरांना तुरटीसारखे क्षार आधी लावून मग रंग उकळून पक्का करायचं तंत्र येत होतं आणि तीच खरी किल्ली होती.

मार्सेयच्या लोकांनी लगेच नक्कल सुरू केली, आणि गंमत म्हणजे सुरुवात केली पत्ते छापणाऱ्यांनी, कारण लाकडी ठसे कोरायची सवय त्यांच्याच हाताला होती. 1648 मधली नोंद आहे. पण मागणी इतकी वाढली की लियोंचे रेशीमवाले आणि इतर गावांचे लोकरवाले ओरडायला लागले, आमचा धंदा बसतोय म्हणून, आणि 1686 मध्ये सरकारनं थेट बंदी घातली. आणायचं नाही, छापायचं नाही, विकायचं नाही, पुढे तर घालायचंही नाही. तस्करी करताना सापडला तर गॅलीवर वल्ही मारायला पाठवायचे. त्याच्या आदल्याच वर्षी प्रोटेस्टंट लोकांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलेलं, त्यामुळे बरेच कसबी छापणारे स्वित्झर्लंड आणि जर्मनीकडे पळाले आणि फ्रान्सचं दुहेरी नुकसान झालं.

ही बंदी 1759 पर्यंत चालली, म्हणजे 73 वर्षं! आणि तेवढी वर्षं लोक ते कापड वापरतच होते. पंधराव्या लुईची लाडकी मादाम द पोंपादूर हिनंच आपलं घर बंदी असलेल्या छापील कापडानं सजवलं होतं, मग बाकीच्यांना कोण अडवणार. प्रोव्हान्सला, म्हणजे मार्सेयच्या आसपासच्या दक्षिणेकडच्या प्रांताला, तर अजून एक पळवाट होती, शेजारचं अविन्यों शहर आणि आजूबाजूचा मुलूख तेव्हा फ्रान्सच्या राजाचा नव्हताच, पोपचा होता, त्यामुळे तिथे 1734 पर्यंत बिनधास्त छपाई चालली. पॅरिसची फॅशन बदलत राहिली तरी दक्षिणेत हे कापड घराघरात मुरलं, ते मला वाटतं यामुळेच. आजही प्रोव्हान्सचा टेबलक्लॉथ म्हणून पिवळ्या-निळ्या रंगात जो विकतात तो नीट बघा, त्यावरची कोयरी ओळखीची वाटेल.

दरम्यान तंत्र शिकायची धडपड चालूच होती. बोल्यू नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानं 1734 च्या सुमाराला पाँडिचेरीत कारागिरांसमोर बसून एकेक पायरी लिहून काढली, सोबत प्रत्येक पायरीचा कापडाचा तुकडा जोडला. 1742 मध्ये कर्दू नावाच्या जेझुइट पाद्र्यानं, आपण ज्यांना ख्रिस्ती केलं त्याच कारागिरांना विचारून विचारून, सगळी रीत पत्रात लिहून फ्रान्सला पाठवली. आजच्या भाषेत सांगायचं तर सरळ सरळ औद्योगिक हेरगिरी.

बंदी उठल्यावर लगेच, 1760 मध्ये, ओबेरकाम्फ नावाच्या जर्मन रंगाऱ्याच्या मुलानं व्हर्सायजवळच्या झुई गावात कारखाना काढला. त्या गावाच्या नावावरून ‘त्वाल द झुई’. क्रीम कापडावर एकाच रंगात, लाल किंवा निळ्या, मेंढपाळ, झाडं, झोपाळ्यावरची मुलगी वगैरे. 1770 पासून तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायला लागले त्यामुळे एवढं बारीक चित्र जमलं, आणि 1783 पासून ह्यूए या चित्रकारानं डिझाइनं काढली, पहिलं डिझाइन तर कारखान्यातल्या कामाचंच होतं, कापड धुणारे, वाळवणारे, छापणारे सगळे त्यात. नेपोलियननं 1806 मध्ये ओबेरकाम्फला मानाचं पदक दिलं आणि 1843 मध्ये कारखाना बंद पडला. पण आज आपण त्वाल म्हणजे चित्रवालं कापड समजतो, तसं नव्हतं, त्या कारखान्याचा बहुतेक माल लाकडी ठशांच्या छोट्या फुलांचा होता, भारतीय वळणाचा. चित्रवालं जास्त टिकलं, कारण ते श्रीमंतांच्या भिंतींवर होतं.

आता लाकूड. पॅरिसमध्ये पंधराव्या लुईची स्टाइल, म्हणजे वाकडे पाय, गोलसर कोपरे, फुलांची कोरीव नक्षी, 1715 ते 1774 या त्याच्या काळात आली आणि गेली. खेड्यातल्या सुताराला मात्र ती इतकी आवडली की तो एकोणिसाव्या शतकातही तेच करत राहिला. म्हणून जुन्या बाजारात ‘पंधरावा लुई’ म्हणून दाखवलेलं कपाट राजानंतर शंभर वर्षांनी बनलेलं असू शकतं, यात फसवणूक नाही, पण तारीख विचारून घ्यावी. प्रोव्हान्समध्ये, विशेषतः आर्लच्या आसपास, अक्रोडाचं लाकूड, उत्तरेकडच्या नॉर्मंडीत ओक. आर्लच्या कपाटांवर ऑलिव्हची फांदी, सूपचं भांडं, फुलांची टोपली कोरलेली असते, नॉर्मंडीच्या लग्नाच्या कपाटांवर कबुतरांची जोडी.

कपाट एवढं अवाढव्य का, तर चादरींसाठी. खेड्यात मोठी धुलाई वर्षातून दोनेकदाच व्हायची, राखेच्या पाण्यात, त्यामुळे मधल्या काळात पुरतील इतक्या चादरी लागायच्या, डझनाच्या हिशेबात, आणि मुलगी लग्नाआधी स्वतःच्या नावाची अक्षरं लाल दोऱ्यानं त्यावर भरायची. आज जुन्या बाजारात अशा लाल अक्षरांच्या जाड लिननच्या चादरी विकायला येतात ना, त्या याच.

माझी सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे पानतिएर, ब्रेड ठेवायचा भिंतीवर टांगलेला पिंजरा. चारी बाजूंनी खरादलेल्या छोट्या दांड्या, हवा लागावी म्हणून, आणि भिंतीवर का तर उंदीर. ब्रेड तेव्हा रोज भाजत नसत, एकदा भाजला की कित्येक दिवस. त्याच्या खाली पेत्रँ, म्हणजे पीठ मळायची लाकडी पेटी. आता लोक त्यात मासिकं ठेवतात. जमिनीवर षटकोनी लाल टाइल्स, साल्येर्न गावच्या, त्या अजूनही बनतात. आणि छपरावर मूळची अर्धगोल कौलं, पुढे एकोणिसाव्या शतकात मार्सेयच्या कारखान्यांतून एकात एक अडकणारी चपटी कौलं निघाली, जगभर गेली. आपली मंगलोरी कौलं त्याच जातीची, बासेल मिशननं 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि तिथून ती कोकण-गोव्यात घराघरावर चढली.

हे सगळं मोडीत निघणार असं पहिल्यांदा ज्याच्या लक्षात आलं त्यात मिस्त्राल या प्रोव्हान्सच्या कवीचं नाव घ्यावं लागेल. रेल्वे आली, कारखान्याचा माल आला, म्हणून त्यानं आर्लमध्ये लोकजीवनाचं म्युझियम सुरू केलं, 1899 मध्ये उघडलं, ख्रिसमसच्या आदल्या रात्रीचं जेवण मांडलेली शेतकऱ्याची पूर्ण खोली त्यात उभी केली. 1904 मध्ये त्याला नोबेल मिळालं आणि त्याचे पैसे त्यानं म्युझियमला मोठ्या जागेत हलवायला घातले. घर सजवण्याच्या इतिहासात नोबेलचे पैसे कामी आल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

तरी व्हायचं ते झालंच. दुसऱ्या महायुद्धानंतर गावं रिकामी व्हायला लागली, आणि 1950-60 च्या दशकात फॉर्मायकाची लाट आली. आपल्याकडे तांब्यापितळेची भांडी मोडीत घालून स्टीलची घेतली तसंच, शेतकऱ्यांनी आजीचं अक्रोडाचं कपाट देऊन चकचकीत किचन घेतलं. जुन्या बाजारांना, म्हणजे ब्रोकांतना, यातूनच माल मिळाला. पॅरिसचं सेंट-उआँ त्याच्याही आधीचं, 1885 पासूनचं, पण दक्षिणेतलं लिल-स्यूर-ला-सॉर्ग हे गाव अँटिकसाठी नावारूपाला आलं ते 1960 च्या दशकात.

आणि मग अमेरिकन आले. 1967 मध्ये न्यूयॉर्कमध्ये पियेर नावाच्या दोघांनी ‘पियेर द’ (म्हणजे ‘दोन पियेर’) नावाचं दुकान काढलं, प्रोव्हान्सचं जुनं फर्निचर आणि तारास्कों गावच्या ‘सुलेयादो’ कंपनीची छापील कापडं घेऊन. सुलेयादोकडे जुने लाकडी ठसे हजारोंनी जपलेले होते. 1980 च्या दशकात हे प्रकरण मासिकांतून भयंकर पसरलं. पण लक्षात घ्या, तेव्हाही ते गडद लाकूड आणि भडक कापडच होतं. पांढरा रंग आला त्याच्या नंतर, 1989 मध्ये रेचल अॅशवेलनं कॅलिफोर्नियात ‘शॅबी शिक’ दुकान उघडलं तिथून, आणि 1990 मध्ये अॅनी स्लोनचा चॉक पेंट, म्हणजे फर्निचरला मारायचा खडूसारखा मॅट रंग, आला, मग काय, ज्याला त्याला जुनं कपाट रंगवायचंच होतं. स्वीडनचा करडा-पांढरा आणि इंग्लिश कॉटेज हेही त्यात मिसळलं. वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, पण शंभर-दोनशे वर्षं मेण खाल्लेल्या अक्रोडावर पांढरा रंग मारणं मला बघवत नाही, मारायचाच तर नवीन लाकडावर मारा.

नवीन लाकूड तर जोधपूरहून येतंच, आंब्याचं, तिथेच मुद्दाम घासून जुनं दिसेल असं करून युरोप-अमेरिकेला जातं. मुंबईत चोरबाजार किंवा ओशिवऱ्याला खरं फ्रेंच कपाट मिळेल या आशेवर जाऊ नका, तिथला चांगला माल म्हणजे जुना बर्मा सागवान, त्याचा इतिहास वेगळा आहे. आणि मिळालं तरी ही कपाटं सव्वादोन मीटरच्या वर असतात, फ्लॅटमध्ये छताचा पंखा आणि कपाटाची वरची नक्षीदार पट्टी (कॉर्निस) दोन्ही सांभाळताना नाकी नऊ येतात. फ्रान्समध्येही हाच प्रॉब्लेम आहे, छोट्या घरांमुळे मोठ्या गडद कपाटांना गिऱ्हाईक नाही, भाव गेल्या काही वर्षांत चांगलेच उतरलेत. जुनी असली तर ती खिळ्यांशिवाय, लाकडी खुंट्यांवर जोडलेली असतात, पूर्ण सुटी करून जिन्यावरून नेता येतात, घेण्याआधी विक्रेत्याला एकदा सुटं करून दाखवायला सांगावं.