आधी रंग होता, आता टॅग आहे: आजच्या रोमान्स कादंबऱ्यांची थोडी पार्श्वभूमी

गेल्या तीन-चार वर्षांत आलेल्या कंटेम्पररी, म्हणजे आजच्या काळात घडणाऱ्या, रोमान्स कादंबऱ्या मी भरपूर वाचल्यात, काही एका बैठकीत संपवल्या, काही पन्नासाव्या पानावर ठेवून दिल्या त्या दिल्याच. आणि कुठल्याही रोमान्स वाचणाऱ्या माणसाशी बोला, तक्रारी ठरलेल्या असतात. सगळी कव्हरं सारखीच दिसतात, भडक सपाट रंग आणि त्यावर नाक-डोळे नसलेली दोन कार्टून माणसं. पुस्तक कशाबद्दल आहे विचारलं तर गोष्ट कोणी सांगतच नाही, "एनिमीज टू लव्हर्स आहे, फेक डेटिंग आहे, एकच बेडवाला सीन आहे" अशी यादी येते, म्हणजे आधी शत्रू मग प्रेम, खोटं-खोटं प्रेमात असणं, दोघांना एकच बेड, असे ठरलेले साचे, ज्यांना ट्रोप म्हणतात. आणि पुस्तक पाऊण झालं की काहीतरी फालतू गैरसमज होऊन दोघांचं ब्रेकअप, मग वीस पानांत परत गोड.

माझ्याही तक्रारी ह्याच होत्या. मग हा सगळा प्रकार आला कुठून ते जरा मागे जाऊन बघितलं आणि लक्षात आलं की ह्यातलं जवळपास काहीच नवीन नाहीये. रोमान्सचा धंदा पहिल्यापासून लेबलवरच उभा आहे. आत काय मिळणार ते वाचकाला आधी कळलं पाहिजे, हा ह्या पुस्तकांचा करारच आहे म्हणा ना. फक्त ते लेबल कोण लावतं आणि कुठे लावतं, एवढंच बदलत गेलंय.

ह्या विषयावर लिहिताना १७४० च्या पामेला ह्या कादंबरीपासून किंवा १८१३ च्या जेन ऑस्टिनपासून सुरू करायची पद्धत आहे, ते मी सोडून देते, कारण आज आपण ज्याला रोमान्स म्हणतो तो साहित्यापेक्षा छपाईच्या आणि विक्रीच्या पद्धतीतून जास्त घडलाय. म्हणजे सुरुवात १९०८ ची, लंडनची. जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून ह्या दोघांनी मिल्स अँड बून ही प्रकाशनसंस्था काढली तेव्हा ते सगळंच छापायचे, जॅक लंडनसुद्धा त्यांच्याकडे होता. प्रेमकथांवर त्यांनी सगळी भिस्त टाकली ती १९३० च्या दशकात. तेव्हा लोक अशी पुस्तकं विकत कमी घ्यायचे, पैसे भरून वाचायला देणाऱ्या लायब्रऱ्या होत्या, तिथून आणायचे. ह्यांच्या पुस्तकांची बांधणी तपकिरी असायची आणि बायका लायब्ररीत जाऊन लेखिकेचं नाव न घेता सरळ तपकिरी पुस्तकं मागायच्या. हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं. लेखिका कोण, गोष्ट काय, काही फरक पडत नाही, तपकिरी आहे ना, मग द्या. आज कोणी "ग्रम्पी-सनशाइन आहे का काही?", म्हणजे एक तुसडा आणि एक हसरा अशी जोडी, विचारतं ते ह्याहून वेगळं काय आहे?

मग कॅनडा. १९४९ मध्ये विनिपेगला रिचर्ड बॉनीकॅसल ह्यांनी हार्लेक्विन सुरू केली, आणि ती काही रोमान्सची कंपनी नव्हती, रहस्यकथा, वेस्टर्न, पाककृती, मिळेल ते स्वस्त पेपरबॅकमध्ये परत छापायचे. त्यांच्या बायकोला, मेरी बॉनीकॅसलना, मिल्स अँड बूनची डॉक्टर-नर्सवाली पुस्तकं आवडायची, ती १९५७ पासून हार्लेक्विनने छापायला घेतली आणि इतकी खपली की बाकीचं सगळं हळूहळू मागे पडलं. पण मेरीबाईंची एक अट होती, पुस्तक सभ्य पाहिजे. कुठली ब्रिटिश कादंबरी घ्यायची आणि कुठली नाही हे त्या आणि त्यांची मुलगी वाचून ठरवायच्या, आणि जरा गरम वाटलं की नाही म्हणायच्या. तिकडे लंडनला नेमकी तीच गरम पुस्तकं सगळ्यात जास्त खपत होती. शेवटी १९७३ मध्ये हार्लेक्विनने प्रेझेंट्स नावाची वेगळी मालिकाच काढली, अ‍ॅन मेदर, अ‍ॅन हॅम्पसन, व्हायोलेट विन्स्पिअर ह्या तिघींना घेऊन. म्हणजे बघा, स्पायसी आणि क्लीन अशी वाटणी, ज्यावरून आजही वाचकांची भांडणं होतात, ती पन्नास वर्षांपूर्वीच झालेली आहे, आणि तोडगाही तोच निघाला, वेगळं लेबल लावा.

मधल्या काळात, १९७१ मध्ये, हार्लेक्विनने मिल्स अँड बून विकतच घेतली. आणि त्याच सुमाराला लॉरेन्स हायसी नावाचा माणूस कंपनीचा प्रमुख झाला, जो आधी प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये साबण विकायचा. हा माणूस माझ्या मते ह्या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस आहे आणि त्याने एक ओळ कादंबरी लिहिलेली नाही. त्याचं म्हणणं साधं होतं, साबण घेताना बाई वडी बघत नाही, ब्रँड बघते, तर पुस्तकाचंही तसंच करा. पुस्तकांच्या दुकानात ठेवू नका, जिथे बायका रोजच्या वस्तू घ्यायला जातात त्या सुपरमार्केटमध्ये ठेवा. डिटर्जंटच्या खोक्यात पुस्तक फुकट घातलं गेलं, सँपल म्हणून! जाहिरात करायची ती एका पुस्तकाची नाही, अख्ख्या हार्लेक्विनची. कव्हरवर लेखिकेच्या नावापेक्षा मालिकेचं नाव आणि नंबर महत्त्वाचा, दर महिन्याला ठरावीक पुस्तकं, महिना संपला की जुनी स्टँडवरून खाली आणि नवी वर. "सगळी पुस्तकं सारखीच दिसतात" ही तक्रार ज्यांना करायची आहे त्यांनी हे लक्षात घ्यावं की सारखी दिसणं हा दोष नव्हता, तीच तर कल्पना होती.

पण ह्या व्यवस्थेत एक मोठी गंमत होती. वाचक अमेरिकन, पुस्तकं ब्रिटिश. जॅनेट डेली ही एकच अमेरिकन लेखिका हार्लेक्विनकडे होती, आणि नोरा रॉबर्ट्सने आपलं हस्तलिखित पाठवलं तेव्हा आमच्याकडे एक अमेरिकन लेखिका आहे असं उत्तर आल्याचं तिने स्वतःच बऱ्याचदा सांगितलंय. एक आहे! बास झाली! त्याच काळात हार्लेक्विनने अमेरिकेत आपली पुस्तकं वितरित करणाऱ्या सायमन अँड शुस्टरशी संबंध तोडले, मग चिडलेल्या सायमन अँड शुस्टरने १९८० मध्ये सिलुएट नावाची स्वतःची रोमान्स मालिका काढली आणि हार्लेक्विनने नाकारलेल्या अमेरिकन लेखिका तिथे जमल्या. रॉबर्ट्सचं पहिलं पुस्तक १९८१ मध्ये सिलुएटकडूनच आलं. १९८४ मध्ये हार्लेक्विनने सिलुएटही विकत घेतली, ते वेगळं.

ह्याच सुमारास डेल प्रकाशनात व्हिव्हियन स्टीफन्स नावाची संपादक होती, कृष्णवर्णीय अमेरिकन बाई, आणि आज आपण जी कंटेम्पररी रोमान्स वाचतो तिच्यावर हिचा हात कुणाहीपेक्षा जास्त आहे असं मला वाटतं. तोपर्यंतची नायिका म्हणजे एकोणीस-वीस वर्षांची नर्स किंवा सेक्रेटरी, नायक पस्तिशीचा, श्रीमंत, तुसडा, आणि त्याच्या मनात काय चाललंय ते आपल्याला शेवटच्या पानापर्यंत कळायचं नाही. मिल्स अँड बूनचे अ‍ॅलन बून तर ह्या नायकाला अल्फामॅन म्हणायचे, म्हणजे हा शब्दही काल-परवाचा नाही. स्टीफन्सने मात्र वयाने जरा मोठ्या, नोकरी-धंद्यात पाय रोवलेल्या, अनुभवी अमेरिकन नायिका आणल्या, आणि बेडरूमचं दार लग्नाआधी उघडलं. १९८० च्या शेवटी आलेली कँडललाइट एक्स्टसी ही तिची मालिका तुफान चालली. त्याच वर्षी तिने एका कृष्णवर्णीय लेखिकेची, कृष्णवर्णीय नायक-नायिकेची मालिकेतली कादंबरीही काढली, आणि त्याच वर्षी ह्यूस्टनला रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका ही संघटना सुरू करणाऱ्यांमध्येही ती होती.

ह्या संघटनेचं पुढे जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. कृष्णवर्णीय बाईने उभी केलेली संघटना, पण तिच्या रिटा पुरस्कारावर कृष्णवर्णीय लेखिकेचं नाव यायला २०१९ उजाडलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये, एका पुस्तकातल्या वांशिक चित्रणावर जाहीर टीका केली म्हणून संघटनेने कोर्टनी मिलन ह्या लेखिकेवर कारवाई केली, त्यावरून इतका भडका उडाला की अध्यक्ष, संचालक एकामागून एक राजीनामे. मग पुरस्काराला व्हिव्हियनचं नाव दिलं. उशिरा सुचलेलं शहाणपण. २०२४ च्या मे महिन्यात संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला. आज नव्या पुस्तकांत नायिका कोण असू शकते ह्याची व्याप्ती एवढी वाढलीये त्यामागे चांगली चाळीस वर्षांची ओढाताण आहे, ती कुणा प्रकाशकाला एका सकाळी झालेली उपरती नाही.

आता लेबल वाचकाच्या हातात कधी आलं? इथे दोन गोष्टी एकत्र झाल्या. एक म्हणजे किंडल, अ‍ॅमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, नोव्हेंबर २००७. रोमान्स वाचकांनी ते सगळ्यात आधी उचललं आणि कारण उघड आहे, समोरच्याला कव्हर दिसत नाही. उघड्या छातीचा नायक आणि मागे झुकलेली नायिका, ह्या कव्हरची लाज कित्येक वर्षं वाचणाऱ्यांनी सोसली होती. आणि त्याचबरोबर कोणालाही स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करता यायला लागलं, म्हणजे मधली संपादक गेली, सभ्य-असभ्य ठरवणारी मेरीबाई गेली.

दुसरी गोष्ट फॅनफिक्शन, म्हणजे आवडत्या पुस्तक-सिनेमातली पात्रं घेऊन चाहत्यांनीच लिहिलेल्या गोष्टी. आर्काइव्ह ऑफ अवर ओन ही अशा गोष्टींची वेबसाइट २००९ मध्ये खुली झाली आणि तिथे प्रत्येक गोष्टीला टॅग. कोणाची जोडी, शेवट सुखाचा की दुःखाचा, किती स्पष्ट, कुठला ट्रोप, सगळं आधीच लिहिलेलं, अगदी डब्यावर आतला माल लिहावा तसं. तिथे वाचून, तिथेच लिहून मोठी झालेली पिढी पुढे पुस्तकं लिहायला लागली. फिफ्टी शेड्स ट्वायलाइटच्या फॅनफिक्शनमधून आलं हे सगळ्यांना माहितीये, २०२१ ची द लव्ह हायपोथिसिस स्टार वॉर्सच्या फॅनफिक्शनमधून आली. टॅग लावायची सवय त्यांच्याबरोबर छापील पुस्तकात आली आणि २०२० नंतर बुकटॉकने, म्हणजे टिकटॉकवरच्या पुस्तकांच्या व्हिडिओंनी, तिला पंख दिले, कारण अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत गोष्ट सांगता येत नाही, ट्रोप सांगता येतो.

आणि इथे मात्र माझी खरी तक्रार सुरू होते. तपकिरी बांधणी पुस्तकाच्या बाहेर होती. प्रेझेंट्स हे नाव कव्हरवर होतं. आत लेखिका काय करते ते तिचं ती बघायची, आणि चांगल्या लेखिका त्या चौकटीत राहून अफाट काहीतरी करून जायच्या. आता लेबल आत शिरलंय. पात्रंच एकमेकांना म्हणतात की अरे, हे तर फेक डेटिंग झालं की! एकच बेड येतो तो गोष्टीला गरज आहे म्हणून नाही, यादीत टिक करायची आहे म्हणून येतो, आणि आला रे आला की लेखिका डोळा मारते. चौकटीला माझी हरकत नाही, सुखाचा शेवट नसेल तर मी पुस्तक भिरकावून देईन, पण चौकट सारखी दाखवत बसू नका एवढंच.

कव्हरांचं म्हणाल तर ती कार्टून कव्हरं १९९० च्या दशकातल्या चिक लिटची, म्हणजे तरुणींच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्यांची, आठवण आहेत, आणि साधारण २०१६ नंतर रोमान्सने ती परत उचलली, पुस्तकाचा आकारही मोठा झाला, किंमतही. बाहेर निर्धास्त हातात धरता येतं हा फायदा. तोटा असा की आत किती आग आहे ते कव्हरवरून अजिबात कळत नाही, त्यामुळे गोड गुलाबी कव्हर बघून घेतलं आणि तिसऱ्या प्रकरणात कान लाल झाले असं खूप जणींचं होतं. म्हणजे शंभर वर्षं नीट चाललेलं लेबल नेमकं इथेच बंद पडलं, आणि मग लोक मिरच्यांच्या खुणा देऊन पुस्तकं मोजायला लागले.

लांबीचंही थोडं सांगते. किंडल अनलिमिटेड, म्हणजे महिन्याचे ठरावीक पैसे भरून हवी तेवढी पुस्तकं वाचायची सोय, २०१४ मध्ये आलं आणि जुलै २०१५ पासून लेखकाला वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळायला लागले. दोनशे पानांत संपणारी गोष्ट साडेचारशे पानांची का होते, नायक-नायिका आळीपाळीने "मी"मधून तेच तेच पुन्हा का सांगतात, शेवटानंतर दोन-दोन एपिलॉग का असतात, ह्यातलं सगळं नाही पण बरंच काही मला त्या हिशोबात दिसतं. पाऊण पुस्तकावरचं ब्रेकअप मात्र जुनं आहे, ऑस्टिनकडेही नायिका आधी नकार देतेच, फक्त तिथे त्या नकाराला कारण असतं.

हार्लेक्विन २०१४ मध्ये हार्परकॉलिन्सकडे गेली. त्याआधी २०१० मध्ये त्यांनी कॅरिना प्रेस नावाचा ई-बुकचा विभाग सुरू केला होता, आणि तिथून २०१९ मध्ये रेचल रीड ह्या कॅनेडियन लेखिकेची हीटेड रायव्हलरी आली, दोन प्रतिस्पर्धी पुरुष हॉकीपटूंची प्रेमकथा, चांगली सणसणीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅनडातच तिची सिरीज आली आणि जगभर गाजली. मेरी बॉनीकॅसलच्या टेबलावर हे हस्तलिखित आलं असतं तर पहिल्या प्रकरणातच परत गेलं असतं, आणि मला खात्री आहे, परत पाठवण्याआधी तिने ते पूर्ण वाचलं असतं.