विद्यापीठातून पेटंट: हक्क कोणाचा, अर्ज कसा

माझ्या भाचीने वडोदऱ्यात पीएचडी करताना गाळणीसाठी एक पदार्थ तयार केला आणि आनंदाच्या भरात एका परिषदेत पोस्टर लावलं. पेटंटचा विचार त्यानंतर सुचला. एकदा जाहीर झालेली गोष्ट नवी राहत नाही, त्यामुळे अर्ज मुळातच अडचणीत आला. कायद्यातली 12 महिन्यांची सवलत सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्संस्थेपुढचा निबंध अशा मोजक्याच प्रसंगांना आहे. तिच्या भरवशावर राहू नका. आधी अर्ज, मग पोस्टर, मग प्रबंध.

मालकीचा घोळ इथेच सुरू होतो. पेटंट कायदा, 1970 नुसार अर्ज खरा शोधक करू शकतो किंवा ज्याला त्याने हक्क लिहून दिला तो. नोकरदाराचा शोध आपोआप संस्थेचा, असं कलम या कायद्यात नाही. म्हणून विद्यापीठ नेमणूकपत्र, आपलं धोरण आणि हस्तांतरणपत्र यांवर अवलंबून असतं. विद्यार्थी तर नोकरदारही नसतो. सही करण्याआधी धोरणातला रॉयल्टीचा वाटा वाचा आणि त्याची प्रत मागा. हक्क दिला तरी शोधक म्हणून तुमचं नाव राहतं. उलट, शोधात भर न घातलेल्या मार्गदर्शकाचं नाव केवळ आदरापोटी घालू नये.

अर्जाआधी विद्यापीठाच्या बौद्धिक संपदा कक्षाला शोधाची लेखी माहिती द्या: काय नवं आहे, कोणी काय केलं, पैसा कुठून आला, कुठे काही छापलं का. प्रयोगवहीची तारखांसह पानं जपा. अर्जासाठी फॉर्म 1, तपशीलपत्रासाठी, म्हणजे शोधाच्या सविस्तर वर्णनासाठी, फॉर्म 2, परदेशी अर्जांच्या माहितीसाठी फॉर्म 3, शोधकांच्या घोषणेसाठी फॉर्म 5 आणि वकील असल्यास फॉर्म 26. विद्यापीठ अर्जदार असेल तर हक्काचा पुरावाही लागतो. गुजरातचे अर्ज मुंबई पेटंट कार्यालयाकडे जातात. अर्ज ऑनलाइन भरता येतो.

काम अर्धवट असेल तर तात्पुरतं तपशीलपत्र देऊन अर्जाची तारीख पक्की करा. पूर्ण तपशीलपत्राला 12 महिने मिळतात. 2021 पासून शैक्षणिक संस्थांना फी 80 टक्के कमी आहे: ऑनलाइन अर्जाचे मूळ 1,600 रुपये. तपासणीची विनंती 31 महिन्यांच्या आत वेगळी करावी लागते; ती राहिली तर अर्ज मागे घेतल्याचं धरतात. याच ठिकाणी चांगले अर्ज बुडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

व्यापारी वापरासाठी विद्यापीठ बहुधा कंपनीला परवाना देतं. मालक दोन असतील तर वेगळा करार नसताना कोणीही एकटा परवाना देऊ शकत नाही. दुसऱ्याची संमती लागते. वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक भागातल्या एखाद्या कारखान्यासोबत संशोधन करत असाल तर मालकी, परवाना आणि खर्च पहिल्याच करारात लिहून घ्या.

वडोदऱ्यातलं कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं केंद्र 1890 मध्ये उभं राहिलं, ते हाताला कसब आणि गावाला उद्योग मिळावा म्हणून. तिथल्या प्रयोगशाळांतून निघालेल्या शोधाचा हक्क एका सहीअभावी जाऊ नये. गुजरातच्या विद्यार्थी स्टार्टअप धोरणातून पेटंटच्या खर्चाला मदत मिळते. ती अर्ज करण्याआधीच विचारून घ्या.