प्रीसेट लावला, पण सुई हललीच नाही

गणपती जवळ आले की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात, वर्गणीची आठवण आणि कुणाचं तरी घरच्या घरी रेकॉर्ड केलेलं गाणं. यंदा एका मित्राने आरती रेकॉर्ड केली. बँकेत नोकरी, गळा खरंच गोड, आणि लॉकडाउनमध्ये घेतलेला माइक. रात्री साडेअकराला त्याचा फोन. "अरे ऐक ना, एक प्रीसेट मिळालाय, मेल व्होकल रेडिओ का काहीतरी नाव आहे, नुसता टाकला आणि आवाज असला भारी झालाय!" प्रीसेट म्हणजे कुणीतरी आधीच जुळवून ठेवलेल्या बटणांच्या आकड्यांचा संच. त्याने ती रील बघितली होती, तुम्हीही बघितली असेलच, एक क्लिक आणि स्टुडिओ क्वालिटी.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळा प्रोजेक्ट पाठवला. उघडून बघतो तर त्या प्रीसेटमधल्या कंप्रेसरची, आवाज किती दाबला जातोय ते दाखवणारी, मीटरची सुई जागची हलत नव्हती. आरती सुरू, झांजा सुरू, हा वरच्या सा ला जाऊन आला, सुई शून्यावर ठाण मांडून बसलेली. म्हणजे कंप्रेसर काहीही करत नव्हता. मग भारी काय झालं होतं?

हे समजायला कंप्रेसर काय असतो ते बघू, आणि खरं सांगायचं तर हा लेख लिहायचं निम्मं कारण हेच आहे, कारण मला कंप्रेसर हे प्रकरण फार आवडतं. फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर, बोट ठेवून बसलेला एक माणूस डोळ्यासमोर आणा. गायकाचा आवाज चढला की तो फेडर खाली करतो, उतरला की परत जागेवर आणतो. त्याला चार सूचना द्यायच्या. कितीच्या वर आवाज गेला की हात लावायचा, हा थ्रेशोल्ड. किती दाबायचं, हा रेशो. किती चपळाईने दाबायचं, तो अटॅक, आणि किती वेळात सोडायचं, तो रिलीज. झालं. समजा थ्रेशोल्ड -२० डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) आणि रेशो ४ ला १. आवाज -१२ वर गेला, म्हणजे मर्यादेच्या ८ डीबी वर. या ८ चे २ करायचे, आवाज -१८ वर येणार, ६ डीबी दाबला गेला. (डिजिटलमध्ये ० हे छत असतं, त्यावर गेलं की आवाज फाटतो, म्हणून सगळे आकडे उणे.)

आता आमच्या मित्राने आवाज फाटायला नको म्हणून रेकॉर्डिंग इतकं हळू केलं होतं की सगळ्यात मोठी तानसुद्धा -२८ च्या वर जात नव्हती. प्रीसेटचा थ्रेशोल्ड -२०. फेडरवरचा माणूस पूर्ण आरती होईपर्यंत झोपलेला. पण त्याच प्रीसेटमध्ये शेवटी ६ डीबीचा मेकअप गेन होता, म्हणजे दाबल्यामुळे कमी झालेला आवाज भरून काढायची सोय. इथे दाबलं काहीच नाही, भरून मात्र काढलं. ६ डीबी म्हणजे लहरीची उंची जवळपास दुप्पट. मित्राने प्रत्यक्षात व्हॉल्यूम वाढवला होता, फार लांबच्या रस्त्याने.

त्याला हसू नका. मोठा आवाज चांगला वाटतो हा आपल्या कानाचा जन्मजात स्वभाव आहे. १९३३ साली बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी माणसाचा कान कुठल्या पट्टीत किती तिखट असतो त्याचे आलेख काढले, आणि त्यात दिसलं की आवाज लहान असताना खर्जातलं आपल्याला खूप कमी ऐकू येतं आणि व्हॉल्यूम वाढवत गेलं की खर्ज इतरांपेक्षा भरभर पुढे येतो. त्यामुळे तेच गाणं नुसतं मोठं केलं की भरीव वाटतं. म्हणून कुठलाही प्रीसेट तपासताना पहिलं काम हे, की आधीचा आणि नंतरचा आवाज कानाला सारखा मोठा करून घ्या आणि मग बटण चालू-बंद करून ऐका. माझ्याकडचे निम्मे लाडके प्रीसेट या परीक्षेत नापास झाले, वाईट वाटलं, पण डिलीट केले.

तर मुद्दा असा की थ्रेशोल्ड हा आकडा कुठल्याही प्रीसेटला माहीत असणं शक्यच नाही, कारण तो तुमच्या आवाजाच्या लेव्हलवर ठरतो आणि प्रीसेट बनवणाऱ्याने तुमचा आवाज ऐकलेलाच नसतो. जुन्या यंत्रांची नक्कल करणारे बरेच प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) -१८ डीबी ही सरासरी लेव्हल धरून बनवलेले असतात, म्हणजे सरासरी आवाज दाखवणाऱ्या जुन्या सुईच्या व्हीयू मीटरचं शून्य डिजिटलच्या -१८ वर. म्हणून प्रीसेट लावायच्या आधी ट्रॅक साधारण तिथे आणून ठेवला तर प्रीसेट निदान जागा तरी होतो. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि रीलमध्ये नेमकं हेच कुणी सांगत नाही.

पण थ्रेशोल्ड जुळला की सुटलो असंही नाही, कारण खरी गंमत अटॅक-रिलीजमध्ये आहे, आणि ती तबल्यावर दिसते. "ना" वाजतो तेव्हा पहिल्या काही मिलिसेकंदांत तो टणत्कार होऊन जातो. गाण्याच्या आवाजासाठी बनवलेल्या झटपट प्रीसेटचा अटॅक १ मिलिसेकंद असेल तर तो टणत्कारच दाबला जातो आणि तबला रजईखाली ठेवल्यासारखा ऐकू येतो. अटॅक २०-३० केला तर पहिला ठोका निसटून पुढे जातो, मागची आस तेवढी आवरली जाते, तबला परत तबला होतो.

आता डग्गा. समजा डग्ग्याचा "गे" ८० हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला ८० हेलकावे, एक हेलकावा १२.५ मिलिसेकंदांचा. आणि ड्रमसाठीच्या एखाद्या आक्रमक प्रीसेटचा रिलीज आहे ५ मिलिसेकंद. काय होईल? एका हेलकाव्यात लहर दोनदा टोकाला जाते, एकदा वर एकदा खाली, आणि दोन टोकांच्या मध्ये शून्यातून जाते. फेडरवरचा माणूस इतका चपळ आहे की त्याला वाटतं, शून्य आलं म्हणजे आवाज संपला, सोडा! लगेच पुढचं टोक येतं, दाबा! म्हणजे तो एका हेलकाव्यात दोनदा फेडर वर-खाली करतोय, सेकंदाला १६० वेळा. ८० च्या लहरीला १६० च्या तालात वर-खाली केलं की गणित असं सांगतं की बेरीज-वजाबाकीने दोन लहरी निघतात, १६० मधून ८० गेले ८०, ती तर आधीच होती, आणि १६० अधिक ८० म्हणजे २४०. हा २४० हर्ट्झचा सूर डग्ग्यावर कुणी वाजवलेलाच नाही, तो कंप्रेसरने जन्माला घातला, आणि त्याच्या मागोमाग आणखी वरचे येतातच. यालाच आपण "डग्गा फाटला" म्हणतो आणि बिचाऱ्या माइकला शिव्या घालतो. (कंप्रेसर आधी सरासरी काढून मग दाबणारा असेल तर हे बरंच कमी होतं, पण प्रीसेटच्या नावावरून ते कळत नाही.) रिलीज ५ वरून ८०-१०० वर नेला की फाटलेपण जातं.

आणि आपल्या चर्मवाद्यांचं प्रकरण वेगळंच आहे. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे वरचे सूर मूळ सुराशी पटत नाहीत, तबल्या-मृदंगाच्या शाईमुळे ते जवळपास जुळतात, हे सी. व्ही. रामन यांनी सहकाऱ्याबरोबर १९२० साली नेचरमध्ये मांडलं होतं. किक-स्नेअर या पाश्चात्य ड्रमसाठी बनवलेला प्रीसेट अशा सुरात लावलेल्या वाद्यावर ठेवताना हे लक्षात असलेलं बरं.

अजून एक त्रास. अटॅक १० मिलिसेकंद म्हणजे नक्की काय, यावर कंपन्यांचं एकमत नाही. कोणी ६३ टक्के दाबून होईपर्यंतचा वेळ धरतं, कोणी ९० टक्के. त्यामुळे एका प्लगइनचे आकडे बघून दुसऱ्यात टाइप केले तर वेगळंच ऐकू येतं, आणि लोक म्हणतात याचा साउंड वॉर्म आहे.

वॉर्मवरून आठवलं, १९६० च्या दशकात आलेला टेलेट्रॉनिक्स कंपनीचा एलए-२ए हा कंप्रेसर. त्याच्या पोटात विजेने उजळणारी एक छोटी पट्टी आणि तिच्यासमोर प्रकाश पडला की विजेचा रोध बदलणारा तुकडा. आवाज चढला, पट्टी उजळली, सिग्नल दबला. अटॅक-रिलीजची बटणंच नाहीत, मुख्य बटणं दोन. सुटताना निम्मं साधारण ६० मिलिसेकंदांत सुटतं आणि उरलेलं सावकाश, एक ते पंधरा सेकंद, कारण त्या तुकड्यावर आधी किती वेळ किती उजेड पडला होता हे तो जणू लक्षात ठेवतो! विचार केला तर हा पण प्रीसेटच, फक्त बनवणाऱ्यांनी तो रसायनात गोठवला. आणि तरी किती ओढायचं ते बटण त्यांनी वापरणाऱ्याच्या हातात ठेवलं.

मग प्रीसेट वापरायचेच नाहीत का? मी रोज वापरतो. वेळ वाचतो तो जोडण्यांमध्ये. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये माझं टेम्प्लेट, म्हणजे तयार साचा, आहे, आवाजाचा एक गट, तालवाद्यांचा एक, रिव्हर्ब (खोलीतल्यासारखा घुमारा) आधीच जोडलेला, ट्रॅकचे रंग ठरलेले, त्याने प्रत्येक गाण्यामागे अर्धा-पाऊण तास सहज वाचतो. आधी ट्रॅक ऐकून मग आकडे सुचवणारे असिस्टंट आलेत तेही बरे, निदान मोजून बोलतात, फक्त ते तानपुऱ्यावर सोडू नका. बऱ्याच प्रीसेटमध्ये १०० हर्ट्झच्या खालचं कापायचं ठरलेलंच असतं. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास, नेहमीच्या, दर सप्तकाला १२ डीबीच्या, उतारावर तिचा मूळ सूर ७ डीबीने खाली जातो. तरी खर्ज पूर्ण नाहीसा वाटत नाही कारण वरच्या सुरांवरून मेंदू मूळ सूर मनानेच जोडून घेतो, पण पोटातला घुमार जातो तो जातोच.

आणि ते ४३२ हर्ट्झचं खूळ. कुणीतरी मला सांगितलं की मिक्स झाल्यावर सगळं गाणं ४४० वरून (पाश्चात्य वाद्यं ज्या ठरलेल्या सुराला लावतात तो) ४३२ वर उतरव, विश्वाची कंपनं जुळतात, बीपी कमी होतं. अरे बाबा, हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला किती, आणि सेकंद माणसाने ठरवलेला, दिवसाचे ८६,४०० भाग करून. विश्वाला तो आकडा कोण कळवणार? शिवाय आपल्याकडे तर सा च गळ्याप्रमाणे ठरतो, कोणाचा काळी एक, कोणाचा काळी पाच, मग बाकीच्यांची काय तब्येत बिघडलेली असते का?

असो. तर मी मित्रासाठी एक प्रीसेट बनवला, रेशो ३ ला १, अटॅक १५, रिलीज १२०, मेकअप गेन शून्य, आणि थ्रेशोल्ड मुद्दाम थेट छताला, ०वर. म्हणजे लावल्यावर काहीच होणार नाही, गाणं सुरू करून थ्रेशोल्ड स्वतःच्या हाताने खाली ओढायचा, मोठ्या जागांना सुई ४-५ डीबी हलायला लागली की थांबायचं. हे सगळं मेसेजमध्ये नीट लिहून पाठवलं.

पंधरा मिनिटांनी फोन. "अरे, तुझा प्रीसेट बिघडलाय बहुतेक. सुई हलतच नाहीये."